कुणाला मारणार होतीस?

नववीतल्या केतकीच्या मनगटावरची सरकारी इशारापट्टी प्रार्थनेतच लाल झाली. लाल म्हणजे दहा मिनिटांत पोरगी कुणाला तरी मारणार. पट्टी कधी चुकत नसे. कदम सरांनी तिला कोंडखोलीकडे ओढलं. तिसरी वेळ होती, आता शाळेतून नाव कमी.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलेल्या शिपाई शेवंतामावशी दारात अडल्या. "कुणाला मारणार होतीस गं?"

"मावशी, विचारायचं नसतं. कोंडायचं असतं," सर खेकसले.

"बापाला," केतकी म्हणाली. "काल मला तुडवलं. आता धाकटीला न्यायला फाटकाशी उभा आहे."

"नेतो कसा, बघतेच!" मावशी तरातरा गेल्या आणि त्याच्या तोंडावर फाटकाला कुलूप ठोकलं.

केतकीनं व्हरांड्यातून ते पाहिलं. मनगटावरचा लाल रंग हळूहळू शेंदरी झाला, मग पिवळा, मग कोवळ्या पानासारखा हिरवा. लाल उतरताना अख्ख्या राज्यात कुणी पाहिला नव्हता. पट्ट्या आल्यापासून सहा वर्षं पोरं नुसती कोंडली होती, विचारलं एकालाही नव्हतं.

सरांनी केतकीचा हात सोडला.

कोंडखोलीत आधी कोंडलेली दोन पोरं अजून लालच होती. सरांनी दार उघडलं आणि त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घातली.

"कुणाला रे?"