चौथीची झाडमोजणी

चौथीची छत्तीस मुलं बागेच्या फाटकापाशी येऊन थांबली, तर वॉचमनने परवानगीचा कागद मागितला. संघमित्रा बाईंकडे कागद नव्हता. घणसोली गावातली त्यांची शाळा दोन दुकानांच्या वर भरायची. भर दुपारीही दिवे लावावे लागत. म्हणून दोन वर्षं त्या दर शुक्रवारचा वर्ग या बागेत घेत होत्या. आता बागही गेली तर मुलांना आभाळ उरेल खिडकीएवढं, या विचाराने त्यांचा जीव तुटला.

मुलांना शाळेत पोचवून त्या तडक बागेचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेल्या. आशुतोष नावाचा तिथला तरुण अधिकारी त्यांना पाहून चक्क उठून उभा राहिला. अशा खुर्चीतला माणूस कुणासाठी उठतो, हे बाईंना नवीनच होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि महिनाभराची परवानगी लगेच दिली. पुढे वर्षाची हवी असेल तर मुलं बागेत काय शिकतात, ते कागदावर दिसायला हवं, असं म्हणाला.

“झाडं मोजायला लावा ना, मॅडम. आमच्याकडे तेवढी माणसं कुठे आहेत?”

बाई हरखून परतल्या.

झाड मोजायचं म्हणजे साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर घ्यायचा. मुलांचा अंदाज चुके, म्हणून बाग झाडणाऱ्या रखमाबाईंनी प्रत्येक झाडावर खडूने रेघ मारून दिली. झाडांची नावंही त्याच सांगत. शिंप्याकडची टेप घेऊन मुलं झाडाझाडाला बिलगली.

“बाई, यो झार माझे मिठीन मावत नाय,” पर्जन्यवृक्षाला कवटाळून पार्थ म्हणाला. घेर म्हणजे काय, हे त्याला वर्गात तीनदा सांगूनही कळलं नव्हतं. आता पुन्हा सांगावं लागलं नाही.

आशुतोष दर आठवड्याला आपणहून फोन करायचा. एकही झाड सुटू देऊ नका, कुंपणालगतचं बारकंसुद्धा धरा, घेर सेंटिमीटरमध्येच लिहा. मुलांनी हौसेने घरट्यांचाही रकाना आखला होता, तो मात्र त्याने काढायला लावला. कागद आटोपशीर हवा, म्हणाला. मुलं हिरमुसली, दोघीतिघींनी तर बाईंशी अबोला धरला. बाईंनाही वाईट वाटलं, पण वर्षाच्या परवानगीपुढे त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही.

चौथ्या शुक्रवारी मोजणी संपली. एकशे शहाऐंशी झाडं भरली. बाईंनी चांगल्या अक्षराच्या मुलांकडून यादी लिहून घेतली, खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि ऑफिस गाठलं.

आशुतोषने पानन्‌पान वाचलं. दोन झाडांचे घेर पुन्हा विचारून घेतले.

“तुमच्या मुलांनी मोठं काम केलं, मॅडम. इतके दिवस अडून बसलं होतं.”

बाईंनी परवानगीचं विचारलं. ते नंतर बघू, म्हणत त्याने यादीवर एक टाइप केलेला कागद जोडला, दोन प्रती काढल्या, आणि एकीवर पोच देऊन ती त्यांच्या हातात ठेवली. बाईंना कोण अभिमान वाटला. मुलांना आधी हेच वाचून दाखवू, असं ठरवून त्यांनी जिन्यातच पहिलं पान उघडलं.

‘विषय : भुयारी पार्किंगसाठी तोडावयाच्या झाडांची यादी. एकूण झाडे : १८६. मोजणी : इयत्ता चौथी.’