सतरा नंबरची डबी

ताईने कागदाची घडी ॲप्रनच्या खिशात सारली आणि सभागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसली. एरवी ती मागच्या खुर्चीवर बसायची. आज तिला हेडमास्तरांचा चेहरा जवळून बघायचा होता.

हेडमास्तर म्हणजे प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर. हे नाव चौदा वर्षांपूर्वी तिथे मदतनीस म्हणून लागलेल्या ताईनेच ठेवलं होतं, तेव्हा जरा लाडाने. आता ते जिभेवर आलं तरी तोंड कडू व्हायचं.

आज यादी उघडणार होती. साखरेच्या आजारात पायाला झालेली जखम वर्षवर्ष भरत नाही, अशी चाळीस माणसं निवडली होती. वीस जणांच्या जखमेवर जिवंत पेशी वाढवलेला पातळ तुकडा बसवला. उरलेल्या वीस जणांना हुबेहूब तसाच दिसणारा, पण पेशी नसलेला साधा तुकडा. कुणाच्या वाट्याला काय आलं हे ना रोग्याला ठाऊक, ना नर्सला, ना ताईला. ती यादी हेडमास्तरांच्या बंद पाकिटात होती.

सतरा नंबर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या महिन्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "जन्मभर लिफ्टच्या टपावर उभा राहिलो, ताई. आता ऐटीत आत बसून जाईन," असं म्हणून तो हसला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताईला रडू आलं नाही. तिचा नुसता संताप संताप झाला.

पाय काळा पडू लागला तेव्हा ती हेडमास्तरांच्या खोलीत गेली होती.

"त्याला अजून एक तुकडा द्या."

"यादी उघडेपर्यंत नाही देता येणार."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच नाही देता येणार," ते म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

पण ताईचा खरा राग त्या नकाराचा नव्हता. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

तुकडे बसवायच्या दिवशी ती सात वाजता कामावर आली, तर हेडमास्तर आधीच आत होते. दार आतून बंद. "आज तू बाहेर थांब, तुकड्यांच्या डब्यांचं मी बघतो," एवढंच म्हणाले. चौदा वर्षं त्या डब्या तिने तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या, आणि आज ती परकी. नऊ वाजता त्यांनी किल्ली दिली, तेव्हा कपाटात चाळीस डब्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर नंबराचा स्टिकर.

तुकडा ज्या पोषक द्रावात ठेवतात तो गुलाबी असतो. पेशी जिवंत असल्या की तो हळूहळू पिवळा पडतो. नसल्या तर गुलाबीच राहतो. छटेचा फरक असतो, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येत नाही. ताईला तो दारातून कळायचा.

सतरा नंबरची डबी गुलाबी होती. शेजारची अठरा नंबरची पिवळी.

अठरा नंबर म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक आजी. आल्या की ताईच्या ॲप्रनची सुटलेली शिलाई हातासरशी घालून द्यायच्या. ताई डब्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. मग तिने दोन्ही स्टिकर नखाने सोडवले आणि उलटसुलट लावले. पुढे कितीतरी दिवस तिला आजींच्या नजरेला नजर देववत नव्हती.

आणि दोन महिन्यांत काय झालं? आजींची जखम भरली, त्या आपल्या पायांनी जिना चढून आल्या. भावाचा पाय गेला. साध्या तुकड्याने माणूस बरा होतो आणि जिवंत तुकड्याने सडतो, तर मग औषध कसलं? चौदा वर्षं ती एका थापेची भांडी घासत होती. आणि हा माणूस आज त्याच थापेवर टाळ्या घेणार होता.

"ताई, कधीची खिशात काय चुरगाळतेयस," शेजारची नर्स म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"राग आलाय."

"कुणाचा गं?"

"कळेल आता."

हेडमास्तर आले. "जिवंत तुकडा मिळालेल्या वीस जणांपैकी सोळा जणांच्या जखमा भरल्या आहेत," ते म्हणाले. "साधा तुकडा मिळालेल्यांपैकी फक्त तिघांच्या." टाळ्या सुरू झाल्या. नंबरवार वाचून दाखवायला त्यांनी सकाळीच फोडलेल्या पाकिटातून यादी बाहेर काढली, आणि ताई उभी राहिली.

"ती यादी वाचू नका. खोटी आहे." खिशातला कागद तिने टेबलावर आपटला. "हा माझा राजीनामा, आणि त्यातच कबुलीही आहे. सतरा आणि अठराचे स्टिकर मी बदलले. आजींचा जिवंत तुकडा मी माझ्या भावाला दिला. त्याचा पाय गेला आणि आजी धडधाकट आहेत. सांगा आता सगळ्यांना, तुमचं औषध कसलं आहे ते."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. हेडमास्तरांनी चष्मा लावून यादीवर बोट फिरवलं. ते दोन ओळींवर येऊन थांबलं आणि तिथून हललं नाही.

"जिवंत कुठला, हे तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"रंगावरून. चौदा वर्षं बघतेय मी."

त्यांनी यादीची घडी घातली आणि समोरची खुर्ची ओढून खाली बसले.

"या इमारतीत रंगावरून ओळखणारी तू एकटीच आहेस," ते म्हणाले. "म्हणून तर त्या सकाळी साध्या तुकड्यांच्या डब्यांत मी आम्लाचे दोन-दोन थेंब टाकून द्राव पिवळा केला होता, आणि जिवंत तुकड्यांवर ताजा गुलाबी द्राव ओतला होता."