अडकलेलं चाक

"बाई, हा कॅमेरा घेऊ नका. याचं वरचं चाक मॅन्युअलवर अडकलंय, ऑटोवर जातच नाही. उजेड, शटरचा वेग, सगळं हाताने लावावं लागतं. दोन गिऱ्हाइकांनी परत आणून टाकलाय," मी आधीच सांगून टाकलं.

मांढरेबाई शाळेत मुलींना मल्लखांब शिकवतात. मोबाइलच्या फोटोत उडी घेणारी मुलगी नुसती पुसट रेघ दिसते, चूक कुठे झाली ते कळत नाही. म्हणून त्यांना वेग हाताने लावता येईल असा कॅमेरा हवा होता. माझ्या दुकानातले जुने कॅमेरेही त्यांच्या आवाक्याबाहेरचे. हा एकच परवडत होता.

"मॅन्युअलवरच अडकलाय ना? मग बरंच आहे की," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर एका मोडक्या कॅमेऱ्यातून मला तसंच चाक मिळालं. ते घेऊन मी हौसेने शाळेत गेलो. मैदानात सातवीतली एक मुलगी कॅमेरा धरून उभी होती. वर ढग आला, तशी तिने कुणी न सांगता ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं छिद्र, जास्त उघडलं. खांबावर उलटी लटकलेली तिची मैत्रीण फोटोत बोटांसकट स्वच्छ आली.

"चाक बदलून देतो. पैसे नकोत," मी म्हणालो.

मांढरेबाईंनी मला जरा बाजूला घेतलं. "नका बदलू. ऑटो मिळालं की या पोरी उजेडाकडे बघायच्या थांबतील."

चाक खिशात टाकून मी दुकानात परतलो. माझा स्वतःचा कॅमेरा कित्येक वर्षं ऑटोवरच होता. त्याचं चाक मॅन्युअलवर आणायला मला बराच जोर लावावा लागला.