चारही चाकांत बावीस

"चारही चाकांत बावीस," मेकॅनिक उठत म्हणाला. "तिसाच्या पुढे हवी."

तिचा जीव भांड्यात पडला. पहाटे उठून केसांतल्या पिनेने तिनेच ती हवा सोडली होती. प्रत्येक चाकाला मनात चाळीसपर्यंत आकडे मोजून, कारण कुठलंच काम तिला वेडंवाकडं करता यायचं नाही. गाडी पेट्रोल जास्त का खाते, याला काहीतरी कारण सापडायलाच हवं होतं. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं.

"म्हणजे हेच," ती म्हणाली. "हवाच कमी होती."

"तुला विचारलं कुणी?" नवरा हसत म्हणाला. चारचौघांत तो नेहमी हसतच बोलायचा.

मेकॅनिकने मान हलवली. "हवेने लिटरमागे एखादा किलोमीटर जाईल, साहेब. चौदाचं नऊ नाही होणार. आणि आपोआप उतरलेली हवा अशी सगळीकडे सारखी नसते. ही कुणीतरी सोडलीय."

"बिल्डिंगमधली पोरं असतील," ती घाईने म्हणाली. नवरा तिच्या काळ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघत होता.

फिल्टर स्वच्छ निघाला. प्लग चांगले निघाले. ब्रेकही कुठे घासत नव्हते. आपली गाडी धडधाकट आहे याचं इतकं वाईट आजवर कुणाला वाटलं नसेल. शेवटी मेकॅनिकने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि हातातलं यंत्र वाचू लागला.

"सापडलं. गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास. चाळीस मिनिटं."

तळघरातल्या पार्किंगमध्ये, शेवटच्या खांबाआड. चपला काढायच्या, सीट मागे करायची, डोळे मिटायचे. ऑफिस सुटलेलं असायचं आणि वर घरात तो असायचा. अख्ख्या दिवसातला तेवढाच तुकडा तिचा होता.

"ट्रॅफिक असतं," ती म्हणाली.

"रोज एकाच जागी, ताई?" मेकॅनिकला हसू आलं.

नवरा चिडला नाही. तो चिडेल म्हणून ती अंग चोरून उभी होती, तर त्याने खिशातून रुमाल काढला, तिचा हात हातात घेतला आणि अंगठा पुसायला लागला. नखातलं काळं निघेपर्यंत पुसत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने जोर कमी केला नाही.

"दमतेस ना गं," तो म्हणाला. "मला बोलायचंस तरी. उद्यापासून सहा वाजता मीच खाली येऊन उभा राहत जाईन. तुला घ्यायला."

"नशीब काढलंत, ताई," मेकॅनिक म्हणाला, आणि पहिल्या चाकात हवा भरायला खाली बसला.