धुक्यातलं विमान

थेम्स नदीच्या मुखाशी, दुसऱ्या महायुद्धात भर समुद्रात उभारलेल्या लोखंडी किल्ल्यापाशी होडी थांबली. नव्वदी उलटलेला विल्फ्रेड सत्तर वर्षांनी तिथे आला होता.

"आजोबांनी इथूनच जर्मन विमान पाडलं होतं," त्याची नात हेझल नावाड्याला कौतुकाने सांगत होती.

विल्फ्रेडने टोपी काढली आणि हातातली फुलं पाण्यात सोडली.

"शत्रूसाठी फुलं, आजोबा?"

"दाट धुकं होतं गं. विमान पडलं तसा आम्ही जल्लोष केला. मग खालून वैमानिकाच्या हाका आल्या. 'दोर टाका, दोर टाका' म्हणत होता. आम्ही होडी सोडेपर्यंत आवाज थांबला."

"तुम्हाला जर्मन कळायचं?"

विल्फ्रेडने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"एक अक्षरही नाही, पोरी."