चुन्याचा बाण

बारा फेऱ्या.

टपालाच्या फाटक्या थैलीतून बायकोने शिवलेली खाकी चड्डी.

खळ्यात मळणीचे चार बैल.

कलकत्ता. सात देशांचे धावपटू. साल एकोणीसशे चोपन्न.

जमिनीवर चुन्याने काढलेला बाण, हातभर लांब.

त्या बाणाकडे पाठ करून वारलू उभा होता. बाकीच्या आठ जणांची तोंडं एकीकडे, त्याचं एकट्याचं दुसरीकडे. चांद्याच्या मैदानावर जमलेले लोक आधी हसले, मग कुजबुजू लागले.

वारलू जंगलातला डाकवाला. थैली खांद्यावर टाकून अहेरीच्या वाटेने रोज पाच कोस पळायचा. आज तीन मैलांत जो पहिला येईल, तो एकटाच जिल्ह्यातून कलकत्त्याच्या वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. वारलूला जायचं होतं. फार जायचं होतं. पुढच्या महिन्यापासून डाक मोटारीने जाणार, असं सायबाने सांगून टाकलं होतं. मग या पायांना कोण विचारणार?

पण त्याच्या गोंड गावात गोल फिरायचं ते डावा हात आतल्या बाजूला ठेवून. नाच तसा, लग्नाचे फेरे तसे, खळ्यातले बैलसुद्धा तसेच. काल सरावाला त्याने बाण दाखवील तसं धावून पाहिलं होतं. उलट जुंपलेल्या बैलासारखे पाय पायांत अडकले. तिसऱ्या फेरीत तो थांबला. असं धावायचं नाही, हे तिथेच ठरलं.

गुणवंतराव मास्तर शिट्टी घेऊन तरातरा आले. शर्यत त्यांच्या हाती होती आणि बाणही त्यांनीच काढला होता. देवाला प्रदक्षिणा घालतात तसं, उजवा हात आत ठेवूनच माणसाने फिरावं, यात विचारायचं काय, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. तोंड फिरव, नाही तर नाव कापतो, असंही बजावलं.

"देव तुमचा हाये, मास्तर," वारलू म्हणाला. "पाय माहे हायेत."

शिट्टी वाजली.

पहिली फेरी. समोरून आठ माणसं अंगावर आली. वारलू बाहेरून वळसा घालून निसटला.

चौथी. आठांतले दोघे खाली बसले होते.

सातवी. आता समोरचेच बाजूला सरकून त्याला वाट देत होते.

बारावी फेरी संपवून वारलू रेघेवर आला तेव्हा त्याच्या खालोखालचा इस्तारी, वरोऱ्याचा तरणा पोलीस शिपाई, अजून पाऊण फेरी लांब होता.

मास्तरांनी कागदावर वारलूच्या नावावर आडवी रेघ मारली आणि पहिला म्हणून इस्तारीचं नाव पुकारलं. धापा टाकत इस्तारीने सांगून पाहिलं, की पहिला तो आला, आपण डोळ्यांनी पाहिलं, दर फेरीला दोनदा तोंडासमोरून गेला. मास्तरांनी ऐकून घेतलं नाही. वारलूने अंगरखा खांद्यावर टाकला आणि चालू लागला.

तिसऱ्या दिवशी तो घरी पोचला. बुधरी मोहाच्या झाडाखाली टोपली विणत होती. चड्डी तिनेच शिवलेली, म्हणून तिने आधी तिचीच चौकशी केली. उसवली नाही, असं वारलूने सांगितलं.

"अन् शर्यत?"

"पयला आलो."

"मंग जातूस कधी?"

"मास्तरले फिरता येईन तवा."

बुधरी हसली. वारलूही हसला, आणि थैली उचलून अहेरीच्या वाटेला लागला. मोटार यायला अजून महिना होता.

कलकत्त्याहून आलेलं नियमांचं पुस्तक शर्यतीच्या चार दिवस आधीपासून मास्तरांच्या टेबलावर न उघडलेलं पडलं होतं. सर्व देशांच्या धावपटूंनी डावा हात आत ठेवून धावावं, असं त्यात छापलं होतं.