स्वखुशीने

"तक्रार मागे घे, शीला. झालं ते झालं," डॉ. खांबेटे म्हणाले आणि टाइप केलेला एक कागद त्यांनी तिच्यापुढे धरला.

रविवारची सकाळ होती. चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या दीड खोलीत नौपाड्यातलं एवढं बडं प्रस्थ खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकलं होतं. मागे दाराला खेटून त्यांची मुलगी सुमेधा उभी. शीला आणि ती मेडिकलला पहिल्या वर्षापासून एका बाकावरच्या. आज आत आल्यापासून तिने मान वर केली नव्हती.

"कसली तक्रार, काका?"

"हे बघ, तुझ्या जागी मी असतो तर मीही केली असती. पण उद्या समितीपुढे सुनावणी आहे. दोन जागा अडवल्या असं ठरलं, तर तीन वर्षं हिला एमडीला कुठेही प्रवेश नाही. पुण्याची जागाही जाईल."

"कुठल्या दोन जागा?"

पोरगी वेड पांघरते आहे असं डॉक्टरांना वाटलं. मग पेशंटला आजार समजावून सांगावा तसं त्यांनी सगळं नीट सांगितलं. सुमेधाला मुंबईत गायनॅक मिळालं होतं आणि पुण्यालाही मिळालं. कुठलं बरं ते ठरत नव्हतं, म्हणून दोन्हीकडे नाव राहू दिलं. तसं चालत नाही. आपल्याकडे दुसरी जागा नाही, असं स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागतं. ते दिलं. "सगळेच देतात गं." मग पुणं ठरलं, पण मुंबईचा राजीनामा द्यायला आठ दिवस उशीर झाला. शेवटची तारीख उलटली आणि मुंबईची जागा रद्द झाली. कुणालाच मिळाली नाही.

"कुणालाच," शीला म्हणाली.

वेटिंग लिस्टवर पहिलं नाव तिचं होतं. कुणीतरी जागा सोडेल म्हणून ती रोज कॉलेजच्या नोटीस बोर्डापुढे जाऊन उभी राहायची. शेवटच्या दिवशी क्लार्कने बोर्डाला कुलूप लावलं, तेव्हा उरलेल्या जागांतली ॲनाटॉमी तिने मुकाट घेतली. आपले मार्क कमी पडले, त्याला दुसरं कोण काय करणार? बाळंतपणं करायची हौस होती, आता जन्मभर मुडदे उघडून पोरांना शिरा दाखवायच्या. आणि तेही सोडायची सोय नाही. मध्येच सोडलं तर तीन वर्षं बाद, हा नियम. तो तिने मूर्खासारखा पाळला होता.

"मी तक्रार केलेली नाही, काका. मला हे माहीतच नव्हतं. आत्ता तुमच्या तोंडून कळतंय."

खांबेट्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "पत्र निनावी होतं. आम्हाला वाटलं, तुझ्याशिवाय कोण..." ते थांबले, मग लगेच सावरले. "मग तर सोपंच झालं. निनावी पत्राला समिती किती किंमत देणार? तू फक्त सही कर."

शीलाने कागद वाचला. 'मला गायनॅकच्या जागेत रस नव्हता. ॲनाटॉमी मी स्वखुशीने घेतली आहे.' खाली तिचं नाव, आणि तारीख दहा मे एक्क्याण्णव, तिने ॲनाटॉमी घेतली त्या दिवसाची. भिंतीवरच्या कॅलेंडरात जुलै होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खांबेट्यांना सोडून सुमेधाकडे वळली.

"त्या दिवशी तू इथे आलेलीस. मी रडत होते. आईने तुला जेवायला वाढलं, तू जेवलीस. आणि काय बोललीस मला? नशीब गं, एका मार्काने गेलं. बोललीस की नाही?"

सुमेधाचा हात दाराच्या कडीवर गेला.

आतून शीलाची आई आवडाबाई आली, मासळीचे हात तसेच घेऊन. "काय झाला गो, शीला?"

"आवडाबाई, तुम्हीच सांगा हिला," खांबेटे म्हणाले. "तुमच्या मालकांच्या आजारपणात किती वेळा आलोय मी या घरात!"

"आलात ना, डाक्टर. नाय कोण बोलतं? पण माझे पोरीचा काय घेतलात, ता पयलं सांगा."

"कुणी काही घेतलेलं नाही हो. शीला, ऐक, माझ्या नर्सिंग होममध्ये सुट्टीच्या दिवशी येत जा. बाळंतपणं बघायला मिळतील तुला."

"बघायला?" शीलाचा आवाज एवढा चढला की शेजारच्या दारात दोघी-तिघी बायका येऊन उभ्या राहिल्या. "मला करायची होती, काका! बघायला नाही, करायची होती!"

"ओरडू नकोस. सही करायची नसेल तर राहिलं. आण तो कागद इकडे." त्यांनी हात पुढे केला.

शीलाने कागदाची घडी घातली. घाईत ती वाकडी झाली. तिने ती उलगडली, पुन्हा नीट घातली आणि मुठीत धरली.

"कागद दे, शीला."

"सुनावणी किती वाजता आहे?"

डॉक्टर खुर्चीवरून उठले.

"अकराला," दारातून सुमेधा म्हणाली.